गोशाळेतला म्हातारा बैल घरी आणताना

प्रश्न : गोशाळेतून एक म्हातारा बैल कायमचा सांभाळायला आणायचाय. कामाला जुंपणार नाही. काय काळजी घेऊ? (एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : दावणीला दुसरं जनावर नसेल तर दोन आणा, एकटा बैल झुरतो, चारा खाणं सोडतो. कानातला 12 अंकी बिल्ला तपासून नोंद आपल्या नावावर करून घ्या. पहिले 21 दिवस वेगळं बांधा, जंताचं औषध द्या, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसी झाल्यात का ते पाहा.

खरी अडचण दातांची. झिजलेल्या दातांनी अख्खा कडबा चावत नाही. गव्हाणीत चघळलेले बोळे दिसले की समजा, पोट भरत नाहीये. इंचभर कुट्टी करून पाणी शिंपडून द्या. 400 किलोच्या बैलाला 6 किलो कडबा, 10 किलो हिरवा चारा, 40 ग्रॅम खनिज मिश्रण रोज लागतं. गोशाळेतला चारा आठवडाभरात हळूहळू बदला, नाहीतर पोट फुगतं. पाणी 40 ते 50 लिटर, उन्हाळ्यात जास्तच.

पावसानं ताण दिला असेल तर कोवळी ज्वारी किंवा तिचे फुटवे अजिबात घालू नका. अशा ज्वारीत विष तयार होतं, त्यानं जनावर तासाभरातही दगावतं.