मदरबोर्ड बदलला तर विंडोज पुन्हा टाकावीच लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात घरी एच६१ या जुन्या प्रकारच्या मदरबोर्डाचा असेंबल केलेला कॉम्प्युटर, तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, विंडोज १०. बोर्ड हल्ली चार वेळा बटण दाबल्यावर एकदा उठतो. दुकानदार एच६१० बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय३ सुचवतोय, पण "फॉरमॅट मारावंच लागेल" म्हणतोय. आणि तुमचं टॅलीसकट (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सगळं त्याच एसएसडीवर, म्हणजे आतल्या डिस्कवर, आहे.

फॉरमॅट मारावं लागत नाही. दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही, बहुतेक जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात शिकलेला असेल. एक्सपी दुसऱ्या प्रकारच्या बोर्डावर नेली की निळा पडदा जवळपास ठरलेलाच. विंडोज १० नव्या बोर्डावर पहिल्यांदा उठताना "गेटिंग डिव्हायसेस रेडी" म्हणत टक्के मोजते, एखाद-दोनदा स्वतःच रीस्टार्ट होते आणि डेस्कटॉपवर येते. शिवाय फॉरमॅट मारणं दुकानदाराला सोयीचं असतं. तासाभरात तो मोकळा, मग प्रिंटर, मराठी फॉन्ट, टॅली परत बसवत आठवडाभर तुम्ही बसा.

मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथं ४५. हरभट रोडला मामांचं दुकान आहे. त्यांनी सीपीयू उचलून काउंटरवर ठेवला आणि निर्धास्त घरी गेले, कारण २००५ च्या पुरात पाणी काउंटरपर्यंत आलं नव्हतं. या वेळी काउंटरच्याही वर वीतभर आलं. कॅबिनेट उघडलं तर खालचा अर्धा बोर्ड चिखलानं सारवल्यासारखा, आणि वरच्या खणात स्क्रूनं बसवलेला एसएसडी कोरडा ठणठणीत. मिरजेतून जुना पण चालू एच६१ बोर्ड आणला, प्रोसेसर आणि रॅम पुसून त्यावर चढवले, एसएसडी जोडला. पाच मिनिटांत मामांचा गणपतीचा वॉलपेपर समोर! मामांनी स्क्रीनला हात जोडले.

मग टॅली उघडली, तर वर "एज्युकेशनल" लिहिलेलं, म्हणजे लायसन्स नसलेला शिकाऊ मोड. या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेता येतात. मामा म्हणाले, "आरं, पाच तारखेचं बिल काय एक तारखेला फाडू?" टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. बोर्ड जिवंत असताना ते टॅलीतूनच सरेंडर करायचं, म्हणजे परत करायचं, आणि नव्या बोर्डावर पुन्हा चालू करायचं, एवढंच काम. आमचा बोर्ड मेलेला होता, त्यामुळे फोनाफोनी करून लायसन्स मोकळं करून घेण्यात दोन दिवस गेले.

म्हणून सांगतो, तुमचा बोर्ड अजून चारातून एकदा उठतोय हे तुमचं नशीब समजा. पुढच्या वेळी उठला की बंद करू नका आणि बसल्या बैठकीत पुढचं सगळं उरका.

आधी महत्त्वाच्या फाइल्स आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग टॅली सरेंडर करा. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून ठेवा आणि त्याचा पासवर्ड खरंच आठवतो का ते टाकून बघा, फक्त पिनवर विसंबू नका. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डला बांधलेलं असतं. अकाउंटशी जोडलेलं असेल तर बोर्ड बदलल्यावर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" हा पर्याय निवडून ते परत मिळवता येतं. मात्र हे रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेल्या, लायसन्सला लागू. ओईएम, म्हणजे मशीनबरोबरच आलेलं, असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं. कुठलं आहे ते बघायला विंडोज आणि आर दाबून "एसएलएमजीआर", एक जागा सोडून तिरकी रेघ आणि "डीएलआय" इंग्रजीत टाइप करा, खिडकीत रिटेल की ओईएम लिहून येतं.

आता दोन तांत्रिक खाचा. बोर्ड बदलताना अडतं ते बहुतेक इथंच. पहिली साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलतो ते. आयडीई ही जुनी पद्धत, एएचसीआय नवी. जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सेटिंग) साटा "आयडीई"वर असेल (विंडोज ७ वरून चढवलेल्या मशीनवर हे हमखास सापडतं), तर नवा बोर्ड एएचसीआयनं उठवेल आणि "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस"चा रडका चेहरा दिसेल. उपाय सोपा आहे. विंडोज आणि आर दाबून एमएसकॉन्फिग इंग्रजीत टाइप करा, त्यात बूटच्या टॅबवर "सेफ बूट"ला टिक करा, मशीन बंद करा आणि मगच डिस्क काढा. नव्या बोर्डावर सेफ मोडमध्ये उठलं की विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतः धरते. टिक काढून रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, पासवर्डचा आग्रह त्यासाठीच.

दुसरी खाच जास्त त्रासाची. एच६१ च्या मशीनवर डिस्कची मांडणी बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची असते आणि ती लीगसीनं, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीनं, बूट होते. एच६१० वर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सनं लीगसी बूट होतच नाही, यूईएफआय ही नवी पद्धतच लागते. म्हणजे डिस्कची मांडणी त्याला चालणारी जीपीटी करावी लागणार. त्यासाठी फॉरमॅट नको. मायक्रोसॉफ्टचं एमबीआरटूजीपीटी हे टूल २०१७ पासून विंडोज १० मध्येच आहे. ते जुन्या बोर्डावर चालवू नका, मध्येच बोर्ड बसला तर पंचाईत. नव्या बोर्डावर विंडोजच्या पेनड्राइव्हनं उठवा, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी येईल. तिथं या टूलचं आधी "व्हॅलिडेट" (तपासणी) आणि ते पास झालं तरच "कन्व्हर्ट" (बदल). "इन्स्टॉल"च्या बटणाकडे बघायचंसुद्धा नाही. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) असतील तर टूल नाही म्हणतं.

तुमच्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, असण्याची शक्यता कमी, पण इतरांसाठी सांगतो. विश्रामबागेतल्या एका ट्यूशनवाल्या ताईंच्या रायझन मशीनचा बोर्ड बदलला, तर नव्या बोर्डानं काळ्या पडद्यावर एफटीपीएम (या कुलपाच्या किल्ल्या जपणारा भाग) रीसेट करू का विचारलं, वाय दाबा नाहीतर एन. ताईंच्या डिस्कवर एन्क्रिप्शन चालू होतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की कुठं आहे याचा पत्ता नव्हता. नशिबानं ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडली, पण तोवर त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एन्क्रिप्शन असेल तर आधीच बंद करा.

नेटचा ड्रायव्हर नव्या बोर्डाला मिळाला नाही तर घाबरू नका, अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टिथरिंग चालू करा, बाकीचे ड्रायव्हर त्यावरून उतरतात. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सगळं नीट चालू झालं की बाराव्या पिढीवर विंडोज ११ वरच्यावर चढवता येते, तीही फॉरमॅटशिवाय.

एच६१ आणि एच६१० मध्ये एका शून्याचा फरक दिसतो, पण तुमचा प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम नव्या बोर्डाला बसणार नाहीत. रॅमचे पैसे धरून भाव विचारा.

आणि दुकानात जाताना एसएसडी काढून खिशात ठेवा. त्याला म्हणावं, बोर्ड, प्रोसेसर, रॅम बसव, बायोसचा पडदा दाखव, डिस्क मी घरी जोडतो. फॉरमॅट मारायला त्याच्याकडे काही उरणारच नाही.