मोबाईलवर बघून घोडी शिकवता येते का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : काका नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यात शेती आहे आमची, वय २६. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली, मैना नाव ठेवलं, विकणारा म्हणाला तीन वर्षांची आहे. आमच्या भागात घोडं शिकवणारं कोणी नाही, एक जण आहे तो वरातीत घोडं नाचवतो पण त्याची पद्धत मला बघवत नाही. म्हणून सात-आठ महिने झाले युट्यूबवर बघून आणि एक इंग्लिश पुस्तकाची पीडीएफ मिळाली ती वाचून मीच शिकवतोय. सुरुवातीला मस्त चाललं, व्हिडिओत दाखवतात तसं गोल पळवलं की थांबून माझ्यामागं चालायला लागायची, घरचे पण बघत राहिले. आता महिनाभर उलटंच चाललंय. खिशाला तोंड लावते, गूळ नाही दिला तर चावते, दोनदा दंडाला धरलं. खोगीर टाकलं की कान मागं पाडते, रिकिबीत पाय घातला की मागं मागं सरकते आणि परवा तर दोन पायांवर उभीच राहिली. वडील म्हणतात वीक, मित्र म्हणतात काटेरी लगाम घाल, सरळ होईल. व्हिडिओ बघून घोडं शिकवता येतं का नाही ते खरं सांगा, आणि येत असेल तर माझं कुठं चुकतंय?

उत्तर : आधी तो काटेरी लगाम डोक्यातून काढ. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने जे नियम केले त्यातच काटेरी लगामाला बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या घोडीच्या जिभेला जखम झालीये ती तुझं ऐकायला शिकत नाही, तोंड वर करून पळायला शिकते. आणि आजपासून तिच्यावर बसणं बंद. घोडं उभं राहून मागं उलथलं तर खाली सापडलेला माणूस वाचला तर नशीब म्हणायचं.

आता तुझा प्रश्न. जमिनीवरून घोडी शिकवणं बरंचसं व्हिडिओवरून जमतं. घोड्यावर बसणं जमत नाही. तू दोन्ही एकदमच करायला निघालास, घोडी कोरी आणि स्वार पण कोरा, दोघांतल्या एकाला तरी माहीत पाहिजे की नाही?

पण शिकवणीच्या आधी डॉक्टर. कान पाडणं, मागं सरकणं, उभं राहणं हे महिनाभरात सुरू झालंय म्हणतोस, आधी नव्हतं, म्हणजे कुठंतरी दुखतंय हा माझा पहिला संशय. खोगीर कुणाचं आहे? कुणाकडून तरी जुनं आणलं असशील तर ते मैनाच्या पाठीचं नाहीच. मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो ना, त्याच्यावर खोगीर टेकता कामा नये, मध्ये दोन-तीन बोटं गेली पाहिजेत, आणि काढल्यावर घामाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा पाहिजे, मध्येच कोरडा चट्टा राहिला तर तिथं जास्त दाब पडतोय. मग तोंड. काही घोड्यांना वरच्या दाढांच्या पुढं एक बारीक बिनकामाचा दात असतो, लगामाची कडी त्याला लागली की जीव कळवळतो. ते डॉक्टरला बघायला सांग, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचार, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि झाला की बहुतेक वेळा जनावर हातचं जातं.

वयाचं पण स्वतः बघ, विकणाऱ्यावर जाऊ नको. तू शेतकरी आहेस, बैलाचे दात तुला कळतात, घोड्याचंही तसंच. खालचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. मधलेच दोन बदललेले असतील तर ती जेमतेम अडीच-तीनची आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते, पाय आधी पक्के होतात आणि पाठ सगळ्यात शेवटी. म्हणजे तुला घाई करायचं काही कारणच नाही. पुढं मोठी झाल्यावरसुद्धा तीनशे-साडेतीनशे किलोच्या घोडीवर खोगिरासकट साठ-सत्तर किलोच्या वर ओझं नको. तुझं वजन पत्रात लिहिलेलं नाहीस, वजनकाट्यावर उभा राहून ये एकदा.

हे सगळं ठीक निघालं तर मग चूक कुठंय ते सांगतो. तू व्हिडिओत काय बघतोस? माणूस दोर ओढतो, काठी हलवतो, घोडं सरकतं. तुझं लक्ष ओढण्याकडं असतं. घोडं मात्र शिकतं ते सोडण्यातून. दोर ताणला तेव्हा ते फक्त अस्वस्थ होतं, ज्या क्षणी दोर सैल पडला त्या क्षणी आपण काय करत होतो तेवढं त्याच्या लक्षात राहतं. एक पाऊल मागं घेतलं आणि दोर लगेच सुटला, तर मागं सरकायचं शिकलं. दोन सेकंद उशिरा सोडलास आणि तेवढ्यात तिनं मान झटकली, तर मान झटकायचं शिकली, आणि तू म्हणणार घोडी हट्टी आहे. तुझं रिकिबीचं बघ. पाय घातलास, ती मागं सरकली, तू घाबरून पाय काढलास. उत्तम शिकवलंस की. मागं सरकलं की माणूस उतरतो हा धडा तिला महिनाभर रोज दिलास, आणि मागं सरकून भागेना तेव्हा तिनं पुढची पायरी काढली. गुळाचंही तेच, खिशाला ढुसण्या दिल्या की गूळ मिळतो हे तुझ्याच हातांनी शिकवलंय. आता गूळ-गाजर हातातून बंद, द्यायचंच तर पाटीत, आणि तिनं तोंड बाजूला करून शांत उभं राहिल्यावर.

हे सोडणं व्हिडिओत दिसत का नाही याची एक जुनी गोष्ट आहे. बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाचे एक शिक्षक होते, त्यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, उत्तर टापा आपटून द्यायचा. १९०४ मध्ये तपासायला समिती बसली, तिला लबाडी काही सापडली नाही. मग ऑस्कार फुंग्स्ट नावाच्या माणसानं पद्धतशीर प्रयोग केले आणि १९०७ मध्ये छापून सांगितलं की घोड्याला गणित येत नाही, टापा बरोबर आकड्याला आल्या की विचारणाऱ्याची मान किंचित हलते, श्वास बदलतो, ते बघून तो थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सही चुकायचा. गंमत म्हणजे हे कळल्यावर फुंग्स्टला स्वतःला ती मान हलवणं थांबवता येत नव्हतं! आता विचार कर, आपण काय करतोय हे समोरच्या माणसालाच माहीत नसतं पण घोड्याला दिसतं. व्हिडिओतला तो अमेरिकन दादा तोंडानं सांगतो एक आणि त्याचा खांदा, त्याची नजर, त्याचं एक पाऊल करतं दुसरंच, आणि त्याला ते स्वतःला ठाऊकच नसेल तर तुला कुठून सांगणार. त्यात चाळीस मिनिटांचं काम कापून चार मिनिटांचं केलेलं असतं, कंटाळवाणा भाग उडवलेला असतो, आणि खरं शिक्षण त्या कंटाळवाण्या भागातच असतं.

म्हणून उपाय असा की दुसऱ्याचे व्हिडिओ कमी बघ आणि स्वतःचे काढ. धाकट्या भावाला मोबाईल धरून उभा कर, कुंपणाच्या बाहेर, तुझे हात आणि तिचे चारही पाय दिसले पाहिजेत. दहा मिनिटांचं काम, रात्री जेवण झाल्यावर स्लो करून बघ, फक्त एकच गोष्ट शोधायची, तिनं बरोबर केलं त्यानंतर माझा हात किती वेळानं सैल पडला. पहिल्या दिवशी तुला स्वतःचीच लाज वाटेल. मला वाटली होती, आणि माझ्या वेळेला तर मोबाईल नव्हता, भावकीतल्या लग्नाचा व्हिडिओ काढायला आलेल्या पोऱ्याला चहा पाजून काढून घेतला होता.

शिकवायचं काय? म्होरकीवर पुढं येणं, एक पाऊल मागं जाणं, मागचा भाग बाजूला सरकवणं, हाक मारेपर्यंत जागेवर शांत उभं राहणं, चारही पाय उचलून देणं. बास. हे पाच झाल्याशिवाय खोगीर बाहेर काढू नको. ते गोल पळवणं मात्र बंद कर. त्या लोकांचं रिंगण पन्नास-साठ फुटांचं आणि खाली वाळू असते, तुझ्याकडं काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल, त्यात कोवळ्या पायांनी गोल गोल पळवलं तर सांधे जातात. आणि पळवून दमवलं की मागं चालायला लागते त्याला लोक प्रेम म्हणतात, मला ते बऱ्याचदा दमणं वाटतं. माझं मत आहे, भांडायला येऊ नका कोणी.

लहानपणी ऐकलेलं असेल, भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? फिरवलं नाही म्हणून. मैना दिवसभर पुढून-मागून दोर बांधून, म्हणजे अगाडी-पिछाडी लावून, उभी असते का? असणारच. घोडं हे दिवसातले पंधरा-सोळा तास चरत चालणारं जनावर, ते वीस तास खुंट्याला आणि मग अचानक शाळा, कशी डोकं लावणार ती. रोज तासभर दोर धरून बांधावरून, ओढ्यातून, गावातून नुसतं चालव. ट्रॅक्टर, कुत्री, सिमेंटची पिशवी सगळं बघू दे. कुठल्याच व्हिडिओत हे नसतं कारण याला लाईक मिळत नाहीत.

दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही. माझ्या उजव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नाही, एक वळसा फक्त दिला होता आणि शेजारी फटाका वाजला. एकट्यानं काम करू नको, पायात बूट, आणि पुढं बसशील तेव्हा घोडेस्वारीचं हेल्मेट.

राहिला स्वाराचा प्रश्न. सुगीनंतर पंधरा-वीस दिवस काढ आणि पुण्याला किंवा जिथं रायडिंग स्कूल असेल तिथं जाऊन एखाद्या म्हाताऱ्या शिकलेल्या घोड्यावर बसायला शिक. तोल म्हणजे काय हे ते म्हातारं घोडंच सांगेल, मी नाही सांगू शकत आणि पुस्तक तर नाहीच. आणि त्या वरातवाल्याची नाचवायची पद्धत तुला आवडत नाही ते बरोबर आहे, पण खुराची निगा, पोटदुखी ओळखणं, नालबंद कुठला बरा हे त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तेवढं विचारायला काय जातं.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत काम करते, वय ३४. लहानपणी माथेरानला घोड्यावर बसले तेवढंच. घोडा घ्यायची ऐपत आणि जागा सध्या नाही. नुसती पुस्तकं वाचून आणि व्हिडिओ बघून सुरुवात केली तर वेळ वाया जाईल का?

उत्तर : ताई, उलट तुमचंच बरोबर चाललंय. डोळा तयार करायला व्हिडिओसारखं काही नाही, इथं तो शिक्षकापेक्षाही भारी. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं एका रांगेत कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की भरधाव घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, आणि तेही पोटाखाली गोळा झालेले असताना. तोपर्यंत चित्रकार पुढचे पुढं आणि मागचे मागं ताणलेले काढायचे. म्हणजे हजारो वर्षं घोडं डोळ्यांसमोर असून कुणाला दिसलं नव्हतं, आणि तुमच्या मोबाईलमध्ये ती सोय फुकट आहे. स्पीड पाव करा आणि टापा मोजा. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची, त्यात तिरके पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा असे, जोडीनं पडतात, त्याच्या पुढची तीन ठोक्यांची. मारवाडी घोड्याची रेवाल नावाची चाल वेगळी, तिच्यात एकाच बाजूचे पाय पाठोपाठ पडतात म्हणून स्वार हलत नाही. आवाज बंद करून ओळखता यायला लागलं की मग लंगडणारं घोडं पण ओळखता येतं, पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं.

पुस्तकातून दाणा-पाणी आणि पोट शिका. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोटात गेलेलं चुकलं की सरळ पोटदुखी आणि ती जीवावर बेतते. रोज वजनाच्या दीड-दोन टक्के सुका चारा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी, उन्हाळ्यात जास्त, याचा हिशेब एकदा महिन्याचा मांडून बघा, घोडा घ्यायचा विचार आपोआप ताळ्यावर राहतो. आणि रविवारी तबेल्यात जाऊन खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, करायला द्या म्हणून मागं लागा, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा पहिल्यांदा हसतील, दुसऱ्या रविवारी देतील.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ बघून काठेवाडी शिंगरू बुक करू का? ॲडव्हान्स मागतायत. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या शुभ आहेत म्हणून फोटो पण पाठवलेत. (जि. सोलापूर)

उत्तर : नको. भोवऱ्यांचा फोटो पाठवला आणि खुरांचा नाही, यातच आलं सगळं. मागवायचाच तर न कापलेला व्हिडिओ मागव, कडक जमिनीवर सरळ लांब जाताना आणि परत येताना, चारही खूर उचलून, तोंड उघडून दात दाखवून. त्यातही खोकला, पायाची हाताला गरम लागणारी सूज, अंगातला ताप कळत नाही. तिथं गेल्याशिवाय एक रुपया देऊ नको, आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद बघ, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ती तपासणी होते. हा रोग माणसालाही होतो आणि जनावर पॉझिटिव्ह निघालं तर औषध नाही करत, कायद्यानं मारावंच लागतं. घरी आणल्यावरही तीन आठवडे दुसऱ्या जनावरांपासून लांब बांध, बादली पण वेगळी.