मिरजेत नवीन आहात? सुरुवात सतारमेकर गल्लीपासून करा

सतारमेकर गल्ली, दर्गा, नाटक, घराणी, वाद्यखरेदी, क्लास अशी तुम्ही लिहिलेली यादी छान आहे, पण एका रविवारात सगळं उरकायला जाऊ नका. नव्याने आलेल्यांची पहिली चूक हीच होते.

आधी मिरजेची सतारमेकर गल्ली, म्हणजे सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली. तंबोरा लावून देणाऱ्या कारागिरासमोर थोडा वेळ नुसतं बसा. चार तारा असतात: पंचम (प), जोडीचे दोन षड्ज (सा) आणि खर्ज (खालचा सा). घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की बसका आवाज एकदम गुंजायला लागतो. या गुंजण्याला म्हणतात जवारी. हा फरक कानाला कळेपर्यंत थांबाच. न विचारता तारेला मात्र हात लावू नका, लागलेला सूर उतरतो.

मग मिरजेतलाच मीरासाहेब दर्गा. ख्यालगायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन 1937) यांची कबर इथेच आहे. उरुसात गायक-वादक इथे हजेरी लावतात, आणि पहिला गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. मुद्दाम उरुसातच या. डोकं झाका, चपला बाहेर ठेवा, आलाप चालू असताना उठू नका. विलंबित ख्याल, म्हणजे धीम्या लयीतलं रागगायन, पहिल्यांदा संथ वाटेल. वाटू द्या. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) लक्ष ठेवलंत की पुरे, रागांची नावं नंतर.

नाटक सांगलीत. आद्य मराठी नाटककार विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं ते इथेच. मराठी कच्चं असेल तर सुरुवातीला एखादं संगीत नाटक निवडा, त्यातली पदं (गाणी) आधार देतात.

घराणी (गायकीच्या परंपरा), वाद्यखरेदी, क्लास सध्या बाजूला ठेवा. उरुसाच्या तारखा तेवढ्या आत्ताच विचारून ठेवा.