डोंगल सीडी होऊन बसलंय!

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, राजापूर तालुक्यात राहतो. मुलाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकून दिलं आणि तो पुण्याला गेला. कपाट आवरताना हुआवेईचं ई१७३ डोंगल (सिम घालून लॅपटॉपला नेट देणारी यूएसबी कांडी) सापडलं. फोनमधलं जिओचं सिम त्यात घातलं. लॅपटॉपला लावलं की सीडीचं चित्र येतं, आत ‘मोबाइल पार्टनर’ असं काहीतरी दिसतं, त्यावर क्लिक केलं तर ढिम्म. बाजारातला कॉम्प्युटरवाला म्हणतो, “लिनक्सवर डोंगल चालत नाही. विंडोज टाकून देतो, आठशे रुपये.” फोनचा हॉटस्पॉट आहे, पण आमच्या जांभ्याच्या घरात रेंज फक्त माडीवरच्या खिडकीत. फोन तिथे ठेवला तर खाली मी कशावर बोलू?

उत्तर : गुरुजी, आठशे रुपये खिशातच राहू द्या. लिनक्सवर हे डोंगल चालतं, माझ्याकडे अजून एक आहे. तुमच्याकडे दोन वेगळ्या भानगडी एकत्र आल्या आहेत. एक सुटली तरी दुसरीमुळे नेट येणार नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिली सीडीची. हे डोंगल निघालं तेव्हा बहुतेक घरांत विंडोज. वेगळी सीडी द्यायला नको म्हणून कंपनीने ड्रायव्हर (डोंगल चालवणारा प्रोग्रॅम) डोंगलच्या पोटातच भरला. लावल्याबरोबर ते ‘मी सीडी आहे’ असं सांगतं, विंडोज ड्रायव्हर बसवून घेतं आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला हुकूम सोडतो की आता मोडेम, म्हणजे नेट जोडणारं यंत्र, हो. डोंगलमधला ‘मोबाइल पार्टनर’ हा विंडोजसाठीचा प्रोग्रॅम, तो लिनक्सवर उघडणार नाहीच. लिनक्समध्ये हुकूम सोडायचं काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. बऱ्याचदा तो आधीपासून असतो, पण असेलच असं धरून चालू नका.

आधी नाडी बघू. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि लिहा एल-एस-यू-एस-बी. (मी फोनवर लोकांना सांगतो तसंच इथे लिहितोय. तुम्ही रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायचं.) यादीत हुआवेईच्या ओळीत १२डी१ आणि त्यापुढे विसर्गचिन्ह देऊन चार आकडे दिसतील. १२डी१ ही कंपनीची खूण, पुढचे चार म्हणजे डोंगल सध्या कुठल्या वेशात आहे ते. माझ्या नगात लावल्या लावल्या १४४६ येतं, ते सीडीच्या वेशातलं. पाच-दहा सेकंदांनी तीच आज्ञा पुन्हा दिली की १४३६ दिसतं, म्हणजे मोडेम झालं. तुमचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, बदलतात की नाही एवढंच बघा.

बदलले नाहीत, तर फोन तारेने लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट तारेतून लॅपटॉपला देणं) चालू करा आणि ‘यूएसबी-मोडस्विच’ पॅकेज बसवून घ्या. एकदाच करायचं आहे, तेवढा वेळ माडीवर बसा. डोंगल काढून पुन्हा लावा. तरीही अडून बसलं तर हाताने हुकूम: सुडो (एस-यू-डी-ओ), यूएसबी अंडरस्कोर मोडस्विच, वजा व्ही १२डी१, वजा पी १४४६ (किंवा तुमचे जे चार असतील ते), वजा जे. हा जे मोठा. छोटा लिहिलात तर अर्थ बदलतो, एकाने तसं लिहून मला रात्री साडेदहाला फोन केला होता.

मोडेम झालं की नेटवर्कच्या सेटिंगमध्ये नवीन कनेक्शन घ्या, प्रकार ‘मोबाइल ब्रॉडबँड’. देश भारत, मग कंपनी निवडा, एपीएन (कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव) बहुतेक आपोआप भरला जातो. बीएसएनएलचा ‘बीएसएनएलनेट’ असतो. नंबर विचारला तर स्टार ९९ हॅश. युजरनेम-पासवर्ड कोरे सोडा.

आता दुसरी भानगड, आणि ही मोठी. ई१७३ थ्रीजीचं आहे. जिओने सुरुवातच फोरजीपासून केली, आता फाइव्हजीही आहे, पण टूजी-थ्रीजी त्यांनी कधी उभारलंच नाही. म्हणजे वरचं सगळं जमलं तरी ते सिम या डोंगलला टॉवरच दाखवणार नाही. एअरटेलने थ्रीजी बंद करून टूजी तेवढं ठेवलंय, त्यावर मेलसुद्धा रखडत उघडेल. उरतं बीएसएनएल, तेही जिथे टॉवरवर थ्रीजी अजून चालू आहे तिथे. त्यासाठी कुणाला विचारत बसू नका, डोंगलचा दिवा बघा. शेजाऱ्याचं बीएसएनएल सिम घटकाभर मागून घ्या आणि माडीवर लावा. दिवा निळा लुकलुकला तर थ्रीजी आहे. हिरवाच लुकलुकत राहिला तर थ्रीजी मिळत नाही, मग या डोंगलचा नाद सोडा.

सिम घालताना जपून. याला जुनं मोठं सिम लागतं, आजचं नॅनो सिम प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवून घालावं लागतं. मी एकदा चौकट न वापरता नुसतंच सरकवलं. काढताना आतली पितळी टाच वाकली, ती टाचणीने सरळ करण्यात एक आख्खा रविवार गेला.

दिवा निळा निघाला तर तुमच्या खिडकीचा प्रश्नही सुटतो. डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधा आणि यूएसबीची एक्स्टेन्शन वायर खाली आणा. तीन मीटरपर्यंत, आणि जरा जाड घ्या. रेंज कमी असली की डोंगल जास्त करंट ओढतं, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि डोंगल मध्येच गायब होऊन पुन्हा सीडी होऊन बसतं. पावसाळ्यात वर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला विसरू नका. कुठला रंग आला ते कळवा.

प्रश्न : जुन्या वहीत ‘डब्ल्यूव्हीडायल’ची (लिनक्सवर मोडेमने नेट जोडणारा जुना प्रोग्रॅम) कृती लिहून ठेवली होती. आता तीच केली तर ‘डिव्हाइस बिझी’ असा निरोप येतो. डोंगल बिघडलं का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : नाही. आजकालच्या लिनक्समध्ये ‘मोडेममॅनेजर’ नावाची सेवा मागे चालू असते. मोडेम दिसला रे दिसला की ती त्याचा पोर्ट धरून बसते, आणि तुमचा डब्ल्यूव्हीडायल दारात उभा. एका मोडेमला दोन मालक चालत नाहीत. ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ लिहून त्या सेवेला थांबवा (नावातले दोन्ही एम मोठे), किंवा वहीतलं ते पान फाडा आणि वर गुरुजींना सांगितलेली सेटिंग वापरा. मी फाडलं.

प्रश्न : नवीन फोरजी डोंगल घ्यायचं आहे. लिनक्सला त्रास न देणारं कुठलं? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : ‘हायलिंक’ प्रकारचं घ्या, उदाहरणार्थ हुआवेईचं ई३३७२एच. ते लॅपटॉपला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतं, नेट आतल्या आत स्वतःच जोडतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ लिहिलं की त्याचं पान उघडतं, एपीएन तिथेच भरायचा. मोडेममॅनेजरची कटकट नाही.

पण जुनं, बाहेरून आलेलं घेत असाल तर बँड (डोंगल कुठल्या रेडिओ लहरी पकडतं ते) बघा. जिओ फोरजीला ३, ५ आणि ४० हे बँड वापरते. यातला ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्‌झ, डोंगराआड आणि भिंतीआड तोच जास्त पोचतो, आणि युरोपसाठी बनवलेल्या बऱ्याच नगांत नेमका तोच नसतो. सावंतवाडीत बाजारात चालेल आणि घरी वाडीवर बंद पडेल. नुसतं ‘ई३३७२’ ऐकून पैसे देऊ नका. मागच्या लेबलावर एच अक्षरापुढे तीन आकडे असतात, त्यांवरून त्या नगाचे बँड कळतात, विकणाऱ्याकडून त्या लेबलाचा फोटो मागून घ्या.