‘उंबरठा’मधली सुलभा स्वार्थी होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘उंबरठा’ पाहिला, स्मिता पाटील आवडली, पण लहान मुलीला जावेच्या स्वाधीन करून नोकरीसाठी परगावी जाणारी सुलभा काही केल्या पटली नाही. मग तिला स्वार्थी म्हणायचं की नाही?

मी म्हणणार नाही. मात्र ‘बाईलाही स्वातंत्र्य हवं असतं’ एवढं एक वाक्य टाकून मोकळं होण्यासारखा हा सिनेमा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते घर बघा. जब्बार पटेलांच्या या १९८२ सालच्या चित्रपटातलं महाजनांचं घर छळ करणाऱ्यांचं नाही. मारहाण नाही, हुंड्यावरून टोमणे नाहीत, कशाची ददात नाही. नवरा सुभाष (गिरीश कर्नाड) शिकलासवरलेला वकील. सासुरवास दाखवला असता तर आपण सगळे पहिल्या दहा मिनिटांत सुलभेच्या बाजूने झालो असतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून पटकथा लिहिताना विजय तेंडुलकरांनी ती सोय आपल्याला ठेवलेली नाही. घरच्यांचा आक्षेप कामालाही नाही. समाजकार्यच करायचं ना, मग इथे राहून कर की, त्यासाठी संगमवाडीसारख्या आडगावी कशाला जायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. ऐकायला किती समंजस वाटतं! पण त्याचा अर्थ काढा. काम कर, पण ते फावल्या वेळाचं असावं. त्याच्यामुळे कुणाच्या चहाची वेळ चुकता कामा नये. ज्या कामापायी घरालाच आपली घडी बदलावी लागेल, ते मात्र नको. सुलभेला नेमकं तेच हवं असतं: पूर्ण वेळचं, जबाबदारीचं, जिथे तिच्या सहीला वजन आहे असं काम.

सुभाषलाही एक मुलगी आहे आणि तीच मुलगी आहे, हे घरात कुणाच्या डोक्यातही येत नाही. आई नसेल तर मूल सांभाळणार कोण, याचं उत्तर सगळे जावेकडे बघून शोधतात. ती आपणहून पुढे होते हे खरं, पण तिच्याऐवजी सुभाष पुढे झाला असता तर तुम्हाला हा प्रश्न पडला असता का?

आता मला या सिनेमात सगळ्यात जास्त भिडणारी गोष्ट. सुलभा स्वतःची वाट शोधायला घराबाहेर पडते आणि पोचते कुठे, तर महिला सुधारगृहात, अधीक्षक म्हणून. म्हणजे इतर बायकांना भिंतींच्या आत ठेवणं हेच तिचं कर्तव्य. फाटक, हजेरी, शिस्त, पळून गेलीच एखादी तर जबाब द्यायचा. कुणाला घरच्यांनी टाकलेलं, कुणाला फसवलेलं, अशा या बायका. बाहेर पडलेल्या बाईचं पुढे काय होतं, हे सुलभेला रोज त्यांच्या तोंडावर वाचायला मिळतं. तिला त्यांचं भलं करायचं आहे आणि हाताशी साधन काय, तर किल्ल्या आणि नियमांचं पुस्तक. वर व्यवस्थापन समिती, तिचे हितसंबंध, आमदारासारख्या बड्या माणसांचा तिथल्या बायकांवरचा डोळा. घरी निदान ‘इथे राहूनच कर’ असं गोड बोलून अडवत होते. इथे फायली अडवतात.

दोन बायकांमधल्या आकर्षणाचा विषयही इथे येतो. त्या काळच्या मराठी पडद्यावर हे धाडसच होतं. पुढे सुधारगृहातल्या दोघी जळून मरतात, चौकशीचं शुक्लकाष्ठ सुलभेमागे लागतं आणि ती राजीनामा देते. ती हरली असं कुणी म्हणतं तेव्हा मला जरा राग येतो. तिथलं सगळं जसं चाललंय तसं चालू द्यायला ती तयार असती, तर तिला कुणीच हात लावला नसता.

मग ती घरी परत येते. तिच्या गैरहजेरीत नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभेने तिथे राहावं याला कुणाची हरकत नाही, फक्त हे मान्य करून राहावं. ती पुन्हा घर सोडते. स्मिता पाटील इथे आकांडतांडव करत नाही, म्हणून काहींना हा प्रसंग थंड वाटतो. मला उलट वाटतं. पहिल्यांदा घर सोडताना तिच्या मनात ओढाताण होती, मागे परतायला जागा होती. या वेळी बोलणंच संपलेलं आहे. पहिल्या जाण्याला तुम्ही स्वार्थ म्हणालात, मग या दुसऱ्या जाण्याला काय म्हणाल? बाई तीच, घर तेच.

‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ तुम्ही सिनेमाबाहेर शंभरदा ऐकलं असेल. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. ते सुलभेच्या संदर्भात पुन्हा ऐका. मनाजोगं काम मिळालेली ही बाई आनंदात नाही, ती एकटी आहे, ज्यांना सोडून आली त्यांच्यासाठी झुरते आहे. स्वार्थी माणूस असा झुरत नाही. आणि झुरते म्हणून ती परत फिरत नाही, हेही तितकंच खरं.

तुमच्या नाराजीतला एक भाग मात्र मला मान्य आहे. चिमुरड्या राणीच्या वाट्याला सिनेमात फार थोडं आलंय. आईला परकी झालेली मुलगी आपल्याला दिसते, पण ती परकी होत गेली ते दिवस दिसत नाहीत. जावेचंही तसंच. दुसऱ्याच्या मुलीला जीव लावून बसलेल्या त्या बाईला सुलभा परत आल्यावर काय वाटलं असेल, यावर एक अख्खा वेगळा सिनेमा निघाला असता.