वाचकांचे प्रश्न : ओरेगॉनच्या वाटेवर गाड्या ओढायचं कोण?

प्रश्न : जुन्या अमेरिकन सिनेमात पांढऱ्या कापडाच्या गाड्या घोडे पळवत नेतात, बायकापोरं आत बसलेली असतात आणि मागून बाण येत असतात. १९व्या शतकात लोक पश्चिमेकडे खरंच असेच गेले का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही हो, बहुतेक गाड्यांना बैल असायचे. घोड्यापेक्षा बैल स्वस्त, चिवट, आणि मुख्य म्हणजे वाटेतल्या गवतावर निभावणारे. मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावापासून पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉनपर्यंत साधारण ३,२०० किलोमीटर, दिवसाला २५ किलोमीटर झाले तरी खूप, म्हणजे पाच-सहा महिने लागणारच. सगळं गणित गवतावर होतं, लवकर निघालं तर बैलांना चारा नाही आणि उशीर केला तर पुढे डोंगरात बर्फ, म्हणून एप्रिल-मेमध्येच निघायचं. १८४६ मध्ये कॅलिफोर्नियाला निघालेला डॉनर तांडा जवळची वाट म्हणून भलत्याच रस्त्याला लागला, उशीर झाला, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या बर्फात अडकला आणि ८७ पैकी जवळपास निम्मी माणसं गेली.

आणि आत बसायला जागा कुठली! पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, अवजारं यांनीच गाडी भरायची, खाली स्प्रिंग नाही, आपल्या जुन्या बैलगाडीसारखेच हाडं खिळखिळी करणारे धक्के, त्यामुळे आजारी, म्हातारे आणि तान्ही बाळं सोडली तर सगळे पायीच. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की चाकाची लोखंडी धाव निसटायची, मग चाकं रात्रभर नदीत भिजत ठेवायची. प्लॅट नदीकाठी झाडंच नाहीत, तिथे बायकापोरं बायसनचं (तिकडच्या गव्यासारख्या रानटी जनावराचं) वाळलेलं शेण गोळा करायची आणि त्यावर स्वयंपाक व्हायचा.

आता बाणांचं. सगळ्यात जास्त माणसं मारली ती रोगांनी, त्यातही कॉलऱ्याने. मुक्कामाची जागा तीच, पाणी तेच, घाण पण तिथेच, सकाळी धडधाकट असलेला माणूस कधीकधी रात्रीपर्यंत संपायचा. इतिहासकारांच्या मोजणीप्रमाणे १८४० ते १८६० मध्ये मूळ रहिवाशांच्या हातून साधारण ३६० प्रवासी मेले आणि प्रवाशांच्या हातून ४००हून जास्त मूळ रहिवासी. सिनेमात हा दुसरा आकडा कधी येतच नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण शोशोनी जमातीसारख्या मूळ रहिवाशांनी या प्रवाशांना सामन मासे विकले, नदीपार करायला मदत केली, आणि त्यांच्याच कुरणातलं गवत हजारो बैलांनी संपवलं, बायसन लांब गेले, आणि पुढे जमीनही गेली.