वाचकांचे प्रश्न : बहिष्कृत शिक्षिका संतपदाला कशी पोहोचली?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत मेरी मॅकिलॉप यांच्याविषयी नुकतेच एका व्याख्यानात ऐकले. त्या धर्मभगिनी होत्या, गरीब मुलांसाठी शाळा काढत होत्या, आणि एका धर्मगुरूने मुलांवर केलेले अत्याचार उघडकीस आणल्यामुळे बिशपांनी त्यांना बहिष्कृत केले, असे वक्त्यांनी सांगितले. हे खरे आहे का? आणि ज्या स्त्रीला चर्चने बाहेर काढले, तिलाच चर्चने पुढे संत कसे ठरवले? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : वक्त्यांचे म्हणणे निराधार नाही, परंतु २०१० साली मेरी मॅकिलॉप यांना संतपद मिळण्याच्या सुमारास वृत्तपत्रांतून ही हकीकत ज्या सुटसुटीत स्वरूपात फिरली, त्या स्वरूपात ती घडलेली नाही. मूळ भांडण होते ते शाळेतल्या शिक्षिकेवर हुकूम कोणाचा चालावा, यावरून. ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मेरी यांचा जन्म १५ जानेवारी १८४२ रोजी मेलबर्नजवळच्या फिट्झरॉय येथे झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले होते. वडिलांनी तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी रोममध्ये शिक्षण घेतले होते, पण ते अर्ध्यावर सोडून ते ऑस्ट्रेलियाला आले. माणूस बुद्धिमान, परंतु व्यवहारात हाती घेतलेले प्रत्येक काम बुडत गेले आणि आठ मुलांचे हे कुटुंब नातेवाइकांच्या आश्रयाने इकडून तिकडे फिरत राहिले. थोरली मेरी चौदाव्या वर्षी नोकरीला लागली ती घर चालवण्यासाठी. गरिबी म्हणजे काय हे या बाईंना कोणा प्रवचनकाराकडून शिकावे लागले नाही, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

१८६० मध्ये त्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील पेनोला या खेड्यात आपल्या आत्याच्या घरी मुलांना शिकवण्यासाठी गेल्या. तिथे त्यांची गाठ फादर जुलियन टेनिसन वुड्स यांच्याशी पडली. हे गृहस्थ मोठे विलक्षण होते. अफाट पसरलेल्या धर्मग्रामात घोड्यावरून फिरता फिरता ते खडक, जीवाश्म आणि वनस्पती यांचा अभ्यास करीत, आणि निसर्गशास्त्रज्ञ म्हणूनही त्यांचे नाव झाले. फिरताना जे दिसे त्याने ते अस्वस्थ होत, कारण मेंढपाळांची आणि मजुरांची मुले शाळेविना वाढत होती. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीने १८५१ मध्येच धार्मिक संस्थांना मिळणारी सरकारी मदत बंद केली होती, आणि युरोपातून येणारे धर्मभगिनींचे संघ शहरात मठ बांधून फी देऊ शकणाऱ्या घरांतील मुलींना शिकवण्याकडे वळत होते. म्हणून वुड्स आणि मेरी यांनी नवाच संघ काढला. १८६६ मध्ये पेनोलातील एका तबेल्याची मेरी यांच्या भावाने डागडुजी केली आणि त्यात शाळा भरू लागली. त्याच वर्षी १९ मार्चला, संत जोसेफ यांच्या सणाच्या दिवशी, मेरी यांनी साधा काळा पोशाख अंगावर घातला. संघाचे नावही त्यावरूनच पडले : येशूच्या पवित्र हृदयाच्या संत जोसेफ भगिनी. पुढे पोशाखाचा रंग तपकिरी झाला आणि लोक त्यांना कौतुकाने ‘तपकिरी जोई’ म्हणू लागले.

या संघाचे नियम वाचले म्हणजे पुढचा संघर्ष अटळ होता हे कळते. भगिनींनी मोठ्या मठात राहायचे नाही. जिथे शाळेची गरज आहे तिथे दोघी-तिघींनी जायचे, आणि वस्तीवरचे लोक ज्या प्रकारच्या घरात राहतात तसल्याच घरात राहायचे. मालमत्ता करायची नाही. जे पालक फी देऊ शकतील त्यांनी द्यावी, परंतु न देणाऱ्याचे मूल परत पाठवायचे नाही. वाद्यसंगीत शिकवायचे नाही, हाही एक नियम होता. तो आज विक्षिप्त वाटेल, पण त्या काळी पियानोची शिकवणी हे मठांच्या कमाईचे हुकमी साधन होते आणि पियानो श्रीमंतांच्याच घरी असे. शिक्षिकेचा वेळ पैसे देणाऱ्यांकडे वळू नये म्हणून ती वाटच बंद करून टाकली होती.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा नियम कारभाराचा होता. संघातील सर्व भगिनींवर त्यांनीच निवडलेल्या एका प्रमुख भगिनीचा अधिकार राहील, मग त्या कोणत्याही बिशपांच्या धर्मप्रांतात काम करीत असोत, असा तो नियम होता. तीन भगिनींच्या शाळेतील एक आजारी पडली तर तिच्या जागी दुसरी पाठवायची कोणी, आणि नवशिक्या मुलीला आधी तयार करायचे कोठे, या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणाहून दिली गेली तरच इतक्या लहान आणि विखुरलेल्या शाळा तग धरू शकणार होत्या. बिशपांना मात्र आपल्या प्रांतातील भगिनी आपल्या आज्ञेबाहेर असाव्यात, ही कल्पनाच मानवत नव्हती.

ॲडलेडचे बिशप लॉरेन्स शील यांनी डिसेंबर १८६८ मध्ये या नियमांना मान्यता दिली होती. परंतु त्यानंतर ते दीर्घकाळ परदेशी होते, आणि १८७१ च्या आरंभी परतले तेव्हा त्यांच्यासमोर तक्रारींचा ढीग होता. शाळांवर कर्ज झाले आहे, वुड्स यांना पैशाचा हिशेब कळत नाही (ही तक्रार खोटी नव्हती), भगिनी धर्मगुरूंना जुमानत नाहीत, अशा त्या तक्रारी होत्या. तुमच्या वक्त्यांनी सांगितलेला भाग येथे येतो. १८७० मध्ये कपुंडा येथील एका धर्मगुरूविषयी मुलांवरील अत्याचाराच्या गोष्टी तेथील भगिनींच्या कानावर आल्या. त्यांनी त्या फादर वुड्स यांना सांगितल्या, वुड्स यांनी वरिष्ठांना कळवल्या, आणि त्या धर्मगुरूला आयर्लंडला परत पाठवण्यात आले. त्याचे सहकारी फादर चार्ल्स होरन यांच्या मनात यामुळे वुड्स आणि भगिनी यांच्याविषयी राग बसला, आणि हेच होरन पुढे बिशपांच्या कानाशी लागले. मात्र मेरी स्वतः त्या काळात ॲडलेडपासून फार दूर, क्वीन्सलंडमध्ये शाळा सुरू करण्यात गुंतल्या होत्या. तेव्हा तक्रार त्यांनी केली आणि त्याची शिक्षा त्यांना झाली, असे म्हणता येत नाही. अत्याचाराची ती तक्रार हा बिशपांचे मन कलुषित करणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक धागा होता, एवढे म्हणणे सत्याला धरून होईल. तक्रार करण्याचे धैर्य ज्या भगिनींनी दाखवले त्यांचे श्रेयही त्यामुळे योग्य जागी राहते.

बिशप शील यांनी नियम बदलायचे ठरवले : प्रत्येक घर स्थानिक धर्मगुरूच्या अधिकाराखाली जाईल आणि भगिनींमध्ये शिकलेल्या व कमी शिकलेल्या अशा दोन श्रेणी होतील. मेरी यांनी नम्रपणे सांगितले की, ज्या नियमांवर आपण व्रत घेतले ते बदलले तर आपल्याला संघात राहता येणार नाही, आणि त्याबाबत बिशपांची भेट मागितली. दरम्यान त्यांना तातडीने ॲडलेड सोडण्याचा निरोप आला. भेटीशिवाय जायला त्यांनी कां-कूं केली, आणि हीच अवज्ञा ठरली. २२ सप्टेंबर १८७१ रोजी सकाळी बिशप पूर्ण पोशाखात, हातात दंड घेऊन मठाच्या प्रार्थनागृहात आले आणि गुडघे टेकलेल्या एकोणतीस वर्षांच्या मेरी यांना त्यांनी सर्व भगिनींच्या देखत बहिष्कृत केले. बाहेर पडलेल्या अनेक भगिनींना पोशाख उतरवून घरी जावे लागले आणि कित्येक शाळा बंद पडल्या. कॅथलिक माणसाने बहिष्कृत व्यक्तीशी बोलायचेही नाही, असा दंडक होता. आसरा देणाऱ्यांत इमॅन्युएल सॉलोमन नावाचे ज्यू व्यापारी होते, जे स्वतः एके काळी कैदी म्हणून ऑस्ट्रेलियात पाठवले गेले होते. त्यांनी भगिनींना राहायला घर दिले आणि भाडे घेतले नाही. काही येशूसंघीय धर्मगुरूंना ही शिक्षाच अवैध वाटत होती आणि ते मेरी यांना ख्रिस्तप्रसाद देत राहिले.

पाच महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १८७२ रोजी, मरणशय्येवर असलेल्या बिशप शील यांनी शिक्षा मागे घेतली, आणि १ मार्चला ते वारले. या पाच महिन्यांत मेरी यांनी बिशपांविरुद्ध जाहीरपणे एक शब्द उच्चारला नाही, आणि नियमांच्या बाबतीत त्या तसूभरही मागे हटल्या नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी साधणे मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात सर्वांत अवघड वाटते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. बहिष्कार ही चर्चची शिस्तीची शिक्षा आहे आणि तिचा हेतू माणसाला वळणावर आणणे हा असतो. त्या व्यक्तीच्या आत्म्याविषयीचा तो अंतिम निवाडा नव्हे. शिक्षा देणारा अधिकारी चुकू शकतो, आणि येथे तो चुकला हे त्याने स्वतःच मान्य केले. ॲडलेडच्या आर्चबिशपांनी २००९ मध्ये त्या घटनेबद्दल भगिनींची जाहीर माफीही मागितली.

प्रश्न : शिक्षा मागे घेतल्यावर मेरी मॅकिलॉप यांचा बिशपांशी असलेला वाद संपला का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : संपला नाही, उलट अधिक पसरला. १८७३ मध्ये मेरी एकट्या रोमला गेल्या आणि पोप नववे पायस यांना भेटल्या. रोमने केंद्रीय कारभाराचे तत्त्व उचलून धरले, परंतु संघाने मालमत्ता अजिबात ठेवू नये हा वुड्स यांचा नियम अव्यवहार्य म्हणून बदलला. मेरी यांनी तो बदल स्वीकारला, आणि वुड्स यांना तो विश्वासघात वाटला. ज्या माणसाच्या साथीने संघ उभा केला त्याच्याशी असलेली जवळीक त्यानंतर कधीही पूर्ववत झाली नाही. बिशपांनी दिलेल्या दुःखापेक्षा हे दुःख मोठे होते, असे मानायला जागा आहे.

१८७५ मध्ये भगिनींनी त्यांना प्रमुख म्हणून निवडले. बॅथर्स्टचे बिशप मॅथ्यू क्वीन यांना भगिनी आपल्याच अधिकाराखाली हव्या होत्या, त्यामुळे १८७६ मध्ये मेरी यांनी तेथून आपल्या भगिनी काढून घेतल्या. ब्रिस्बेनचे बिशप जेम्स क्वीन हे मॅथ्यू यांचे सख्खे भाऊ. तेथेही तोच वाद झाला आणि १८८० मध्ये भगिनींनी क्वीन्सलंड सोडले. आधी त्यांचे मित्र असलेले ॲडलेडचे बिशप रेनॉल्ड्स यांनी चौकशी बसवली आणि १८८३ मध्ये मेरी यांना शहर सोडायला सांगितले. त्या चौकशीत मद्यपानाचा आरोपही आला. मासिक पाळीच्या असह्य वेदनांवर डॉक्टरांनी दिलेली ब्रँडी, एवढाच त्याचा आधार होता. मेरी सिडनीला गेल्या. तेथे १८८५ मध्ये कार्डिनल मोरान यांनी त्यांची निवड अवैध ठरवून मदर बर्नार्ड यांना प्रमुख नेमले, आणि मेरी त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या. अखेर १८८८ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी केंद्रीय कारभार असलेला संघ म्हणून त्याला कायम मान्यता दिली. म्हणजे ज्या तत्त्वासाठी त्या झगडल्या ते विजयी झाले तेव्हा अधिकारपद त्यांच्याकडे नव्हते. मदर बर्नार्ड यांच्या निधनानंतर, १८९९ मध्ये, भगिनींनी त्यांना पुन्हा निवडले.

प्रश्न : शिक्षणतज्ज्ञ म्हणून मेरी मॅकिलॉप यांचे योगदान काय? त्यांची काही शिक्षणपद्धती होती का? (एक प्राथमिक शिक्षक)

उत्तर : त्यांच्या नावे एखादी पद्धती सांगणे म्हणजे ओढूनताणून मोठेपणा चिकटवणे होईल. त्यांच्या शाळांत वाचन, लेखन, अंकगणित, धर्मशिक्षण आणि मुलींसाठी शिवणकाम, असे तेव्हाच्या कोणत्याही प्राथमिक शाळेत चालणारे विषयच शिकवले जात. वेगळे होते ते शाळेचे ठिकाण आणि शिक्षिकेचे राहणे. रेल्वेच्या कामावरील मजुरांच्या तळाशी, खाणीशेजारी, चार घरांच्या वस्तीवर शाळा उघडायची, आणि तळ हलला की शाळाही हलवायची. सरकारी मदत घेतली की सरकारी अटी येतात, म्हणून ती घ्यायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. ब्रिस्बेनच्या बिशपांशी बिनसण्याचे तेही एक कारण होते. हा आग्रह आजच्या वाचकाला पटेलच असे नाही, आणि भगिनींना त्यापायी दारोदार फिरून निधी मागावा लागला हेही खरे. तरीही मेरी यांचे निधन झाले तेव्हा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये संघाच्या ११७ शाळांत बारा हजारांहून अधिक मुले शिकत होती.

शेवटची सात वर्षे त्यांनी पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या अवस्थेत, चाकाच्या खुर्चीत काढली. तशातही १९०५ मध्ये भगिनींनी त्यांनाच पुन्हा प्रमुख निवडले. ८ ऑगस्ट १९०९ रोजी उत्तर सिडनीत त्या वारल्या. लोक दफनभूमीतील त्यांच्या कबरीवरची माती घरी नेऊ लागले, आणि १९१४ मध्ये त्यांचे अवशेष माउंट स्ट्रीटवरील स्मृतिगृहात हलवण्यात आले. पेनोलातला तबेला आता नाही. त्यानंतर १८६७ मध्ये बांधलेली दगडी शाळा मात्र अजून उभी आहे, आणि ती पाहता येते.